दुसरी पसंती कुणी विचारलीच नाही

एप्रिल २०२४ संपत आला होता. उन्हं उतरल्यावर शेजारच्या मावशी भांगलणीहून परतताना आमच्या पायरीवर टेकल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाई, शेट्टीला दिलं तर मत वाया जातंय म्हणत्यात. खरं हाय का?"

तीस वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. मत गुप्त असतं, एका माणसाला एक मत, प्रत्येक मताचं मोल सारखं, हे किती वर्गांना फळ्यावर लिहून दिलं असेल. पण मत वाया जातं का, हा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. त्या संध्याकाळी मी मावशींना काहीतरी गुळमुळीत सांगितलं. "तुमच्या मनाला पटेल त्याला द्या," असं. त्या उठून गेल्या आणि माझं उत्तर मलाच टोचत राहिलं. त्यांच्या मनाला कोण पटतं हे त्यांना ठाऊकच होतं. त्यांचा प्रश्न पुढचा होता.

आम्ही शिरोळ तालुक्यातली, म्हणजे हातकणंगले लोकसभा मतदारसंघातली माणसं. इथे शेतकरी नेते राजू शेट्टी यांचं नाव घराघरात आहे. दरवर्षी गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी जयसिंगपूरला त्यांच्या संघटनेची ऊस परिषद भरते, तिथे दराची मागणी ठरते आणि मग कारखानदारांशी ओढाताण सुरू होते. मावशींचा स्वतःचा एक कांडं ऊस नाही. पण त्यांचं साधं गणित आहे: उसाला दर मिळाला तर शेतकरी मजुरीला हात आखडत नाही. त्या निवडणुकीत शिंदे यांच्या शिवसेनेचे धैर्यशील माने, ठाकरे यांच्या शिवसेनेचे सत्यजित पाटील सरूडकर आणि 'स्वाभिमानी' पक्षाचे शेट्टी अशी तिरंगी लढत होती. पारावर, डेअरीच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत सगळीकडे एकच वाक्य ऐकू येत होतं: पडणाऱ्याला मत देऊन काय उपयोग?

४ जूनला निकाल लागला. मानेंना ५,२०,१९० मतं, सरूडकरांना ५,०६,७६४, शेट्टींना १,७९,८५०. फरक १३,४२६ मतांचा. पावणेदोन लाखांहून जास्त माणसांनी ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या शेट्टींची अनामत रक्कमही गेली, कारण ती राखायला एकूण वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. मग आठवडाभर चर्चा रंगली ती शेट्टींनी कुणाची मतं खाल्ली याची.

'मतं खाल्ली' या शब्दांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळा घोळ तिथे आहे. खाल्ली म्हणजे कुणाच्या तरी ताटातली घेतली. म्हणजे ती मतं आधी कुणाची तरी होती. कुणाची? त्या पावणेदोन लाखांतल्या प्रत्येकाने, शेट्टी उभे नसते तर सरूडकरांनाच मत दिलं असतं, असं आपण कशावरून धरतो? काहींनी मानेंना दिलं असतं, काही घरीच बसले असते. याच मतदारसंघात २०१४ साली शेट्टी भाजप-शिवसेनेच्या बाजूने निवडून आले होते आणि २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या बाजूने लढून ९६,०३९ मतांनी पडले होते. त्यांच्यामागे राहिलेल्या माणसांना दोन्हीकडची सवय आहे. ती माणसं कुणाच्या सातबाऱ्यावर लागलेली नाहीत.

हे एकट्या हातकणंगल्याचं नाही. बुलढाण्यात त्याच निवडणुकीत प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनी जिंकले आणि अपक्ष रविकांत तुपकरांना जवळजवळ अडीच लाख मतं पडली. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी आले, तिसऱ्या क्रमांकावरच्या, वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं. २०१९ ला नांदेडमध्ये अशोक चव्हाण ४०,१४८ मतांनी हरले, तिथे वंचितच्या उमेदवाराला १,६६,१९६ मतं होती. त्याच वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत एमआयएमचे इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी चंद्रकांत खैरेंच्या पुढे गेले, आणि तिथे अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी घेतलेली पावणेतीन लाखांवर मतं हे शिवसेनेच्या पराभवाचं कारण ठरवलं गेलं. कुठे हरली काँग्रेस, कुठे शिवसेना; दोषी ठरवलेला तिसराही बदलत राहिला. तक्रार मात्र एकच: आमची मतं त्याने नेली.

२०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. तिथे 'नोटा'ला पंधरा हजारांवर मतं होती आणि मतदानाला न गेलेल्यांची संख्या लाखांत होती. घरी बसलेल्याला कुणी विरोधकांची बी टीम म्हटलं नाही. उन्हात रांगेत उभा राहून ज्याने तिसऱ्याचं बटण दाबलं, त्याला मात्र जाब विचारला जातो. हा उलटा न्याय मला मान्य नाही.

आता 'वाया' या शब्दाकडे येऊ. निकाल बदलेल तेच मत कामाचं, असा हिशोब धरला तर जिंकणाऱ्याला पडलेली जास्तीची मतंही वायाच म्हणावी लागतील. २०१९ ला मानेंना मिळालेल्या आघाडीतली ९६ हजार मतं नसती तरी ते खासदार झालेच असते. हरलेल्या दुसऱ्याची पाच लाख मतंही मग वायाच. या हिशोबाने अठरा लाख मतदारांच्या मतदारसंघात कामाला आलेलं मत शोधूनही सापडणार नाही. मत एका दिवसाच्या निकालापुरतं नसतं. ते मोजलं जातं, नोंदलं जातं, आणि पुढच्या पाच वर्षांत त्या नोंदीकडे बघूनच लोक तुमच्याशी बोलायला येतात किंवा येत नाहीत. २०१९ ला वंचितला राज्यात सात टक्क्यांच्या आसपास मतं पडली, खासदार मात्र त्यांच्या आघाडीतल्या एमआयएमचा एकच झाला. पण २०२४ च्या सुरुवातीला महाविकास आघाडीला वंचितबरोबर जागावाटपाच्या बैठकांना बसावं लागलं, ते त्या सात टक्क्यांमुळे. बोलणी फिसकटली हा पुढचा भाग. बोलणी झाली ती 'वाया गेलेल्या' मतांच्या जोरावर.

एवढं म्हटल्यावर मला दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे, कारण ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. निकाल कुणाच्या बाजूने लागतो याने माझ्या आयुष्यात फारसा फरक पडत नाही. माझी पेन्शन येते, घर स्वतःचं आहे. ज्याचा वनहक्काचा दावा कचेरीत अडकला आहे, ज्याची वस्ती अतिक्रमणाच्या यादीत आहे, ज्याला आपल्या धर्मामुळे किंवा जातीमुळे रात्री दार नीट लावलं का हे दोनदा बघावं लागतं, त्याला पहिल्या दोघांतला फरक जगण्या-मरण्याचा असू शकतो. असा माणूस मनातल्या उमेदवाराला बाजूला ठेवून, ज्याची भीती कमी वाटते त्याला मत देतो. त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. तत्त्व सांभाळण्याची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही.

पण मोठ्या पक्षांनी याच भीतीवर वर्षानुवर्षं शेती केली आहे, हेही म्हटलंच पाहिजे. 'आम्हाला नाही दिलंत तर ते येतील' एवढं एक वाक्य पुरतं. मग त्या वस्तीत पाच वर्षं पाणी नाही आलं तरी चालतं, पोरांची शिष्यवृत्ती रखडली तरी चालतं, कारण हे लोक जाणार कुठे? ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्याशी कुणी भाव ठरवत नाही. गाळपाची परवानगी एकाच कारखान्याला असली तर उसाचं काय होतं, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

तिसरा कायम तिसराच राहतो, असंही नाही. शेट्टी जिल्हा परिषदेतून आले, २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार झाले आणि २००९ ला दोन काँग्रेसचा बालेकिल्ला समजल्या जाणाऱ्या या मतदारसंघातून खासदार. पुण्यातली सरकारी नोकरी सोडून कांशीराम संघटना बांधायला निघाले तेव्हा त्यांना वेडं म्हणणारे कमी नव्हते. पहिली निवडणूक हरायला, दुसरी पाडायला आणि तिसरी जिंकायला लढायची, असं ते कार्यकर्त्यांना सांगत. १९८४ ला स्थापन झालेल्या त्यांच्या बहुजन समाज पक्षाने २००७ ला उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा घेऊन एकट्याच्या बळावर सरकार आणलं. शेजारी श्रीलंकेत अनुरा कुमार दिसानायके यांना २०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तीन टक्क्यांच्या थोडी वर मतं होती. २०२४ ला ते अध्यक्ष झाले. २०१९ मधल्या त्या चार लाखांहून अधिक मतदारांना त्यांच्याही गावात कुणीतरी 'मत वाया घालवू नका' म्हटलंच असेल.

आणि शेजारच्या सांगलीचं तर आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलं. २०२४ ला आघाडीने जागा ठाकरे यांच्या शिवसेनेला सोडली, अधिकृत उमेदवार झाले पैलवान चंद्रहार पाटील. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. कागदावर विशाल पाटील तिसरे होते. मतविभाजन होणार, भाजपचं फावणार, अशी हवा होती. मतदारांनी सरळ अपक्षाला ५,७१,६६६ मतं दिली, भाजपच्या संजयकाका पाटलांना लाखभर मतांनी मागे टाकलं आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला ६०,८६० वर थांबवलं. मग सांगलीत मत खाणारा कोण? तिसरा कोण आणि पहिला कोण हे मुंबई-दिल्लीतल्या बैठकीत ठरत नाही, एवढं तरी त्या निकालाने दाखवलं. अर्थात विशाल पाटलांच्या मागे वसंतदादांचं घराणं आणि काँग्रेसचं अख्खं जाळं होतं. ज्याच्या मागे असं काही नाही त्याला सांगलीचा दाखला देऊन उभं करणं अन्यायाचं होईल.

म्हणून प्रत्येक तिसऱ्याला सारख्या मापाने मोजू नये, या मतापर्यंत मी आले आहे. निवडणुकीच्या तोंडावर उगवणारे, पत्रकावर हात जोडणारे आणि निकालानंतर फोन न उचलणारे उमेदवार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. काही तर नावासारखं नाव किंवा चिन्हासारखं चिन्ह घेऊन उभे राहतात. २०२४ ला साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' या त्यांच्या चिन्हाशी मिळतंजुळतं तुतारीचं चिन्ह मिळालेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. त्यातली किती चुकून पडली हे कुणी सांगू शकणार नाही, पण तिथे मतदाराने तिसरा पर्याय निवडला असं कुणी म्हणू नये. मी ज्या तिसऱ्याला मत देईन तो दोन निवडणुकांच्या मधल्या काळात मला दिसला पाहिजे. महापुरात चारा घेऊन कोण आलं, वीजबिलाच्या मोर्चात कोण होतं, तहसीलदाराच्या दारात बाईमाणसाचा अर्ज घेऊन कोण बसलं, हे गावाला माहीत असतं. असा माणूस उभा असेल आणि पहिल्या दोघांपैकी कुणीही आला तरी मला श्वास घेता येईल एवढी खात्री असेल, तर मी त्यालाच मत देते, तो पडणार हे दिसत असलं तरी. लढत अटीतटीची असेल आणि दोघांपैकी एकामुळे माझ्या गावातल्या एखाद्या वस्तीचं जगणं अवघड होणार असेल, तर मी माझं आवडतं बटण सोडते. दोन्ही वेळा मला मनातून बरं वाटलेलं नाही.

ते बरं का वाटत नाही, याचा उलगडा मला एका कागदामुळे झाला.

१ डिसेंबर २०२० ला मी पुणे पदवीधर मतदारसंघासाठी मत द्यायला गेले होते. पदवी असलेल्यांनी आपला विधान परिषदेचा आमदार निवडायचा. साठाहून अधिक उमेदवार होते, मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी लांब. तिथे मशीन नसतं. अधिकारी जांभळ्या रंगाचा स्केचपेन हातात देतात आणि आपण नावांसमोर आकडे लिहायचे: पहिली पसंती १, दुसरी २, तिसरी ३. मला मनापासून आवडलेल्या, पण निवडून यायची शक्यता नसलेल्या एका उमेदवारापुढे मी निर्धास्तपणे १ लिहिला. दोन प्रमुख उमेदवारांपैकी जो त्यातल्या त्यात बरा वाटला त्याच्यापुढे २ लिहिला. माझा उमेदवार मोजणीत बाद झाला तर माझं मत त्या दुसऱ्याकडे जाणार होतं. वाया जाण्याचा प्रश्नच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी मतदान केंद्रातून खोटं न बोलता बाहेर आले, असं मला वाटलं.

राष्ट्रपती असेच निवडले जातात, राज्यसभा अशीच निवडली जाते, शिक्षक आमदारही. मोजणीचं गणितही अवघड नाही. एका जागेसाठी निम्म्याहून एक जास्त मत हवं. कुणालाच मिळालं नाही तर सर्वांत शेवटचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. असं करत करत कुणीतरी अर्ध्याच्या वर जातो. याच फेऱ्यांमध्ये डिसेंबर २०२० ला अमरावती शिक्षक मतदारसंघात किरण सरनाईक हे अपक्ष निवडून आले. मत वाया जाण्याची भीती नसली की अपक्षालाही लोक पहिली पसंती लिहितात.

मावशींच्या प्रश्नाचं खरं उत्तर या कागदात आहे, आणि तो कागद मावशींना मिळत नाही. बी.ए., बी.एड. झालेल्या मला आपली पहिली इच्छा आणि दुसरी इच्छा दोन्ही सांगायची मुभा आहे. दुसऱ्याच्या रानात भांगलण करणाऱ्या बाईला एकच बटण. तिला एकाच दाबात आवड आणि भीती दोन्हींचा निवाडा करावा लागतो. निकालाचा फटका जिला जास्त बसणार तिलाच कमी बोलू द्यायचं, हे मी ज्या देशाचं नागरिकशास्त्र शिकवलं त्या देशाला शोभत नाही. आणि मतं कुणी कुणाची खाल्ली हा वाद वर्षानुवर्षं चालतो, तोही एवढ्यासाठीच की त्या पावणेदोन लाख माणसांना त्यांची दुसरी पसंती कुणी विचारलीच नाही. विचारली असती तर हातकणंगल्यात कदाचित मानेच निवडून आले असते, कदाचित सरूडकर. जो आला असता तो मोजणीत उरलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतांनी आला असता. आज तो चाळिसेक टक्क्यांवर खासदार आहे.

यावर जुना आक्षेप आहे आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची पद्धत सुचवली. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. मोठ्या प्रमाणात निरक्षर असलेल्या देशात ती पेलणार नाही आणि त्यातून विधिमंडळात इतके गट होतील की सरकार टिकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळी ते रास्त होतं. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्के होती. २०११ ला महाराष्ट्राची ८२ टक्क्यांवर गेली. शिवाय मी मागते आहे ती पूर्ण प्रमाणशीर पद्धत नाही. मतदारसंघ तोच, खासदार एकच, फक्त पसंती एकाऐवजी तीन. यात सरकार डळमळण्याचं कारण दिसत नाही. ऑस्ट्रेलियात कनिष्ठ सभागृहासाठी १९१८ पासून पसंतीक्रम आहे आणि तिथे बहुतेक काळ दोन मोठ्या गटांचंच राज्य राहिलं आहे. म्हणजे छोट्या पक्षांना या पद्धतीने आपोआप जागा मिळतात, असंही मी म्हणणार नाही. त्यासाठी वेगळी लढाई लढावी लागेल. २०१४ ला बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांवर मतं मिळून लोकसभेत एकही जागा नव्हती, ते दुखणं पसंतीक्रमाने पुरतं बरं होणारं नाही.

आणि साक्षरतेचंच म्हणाल तर पदवीधरांच्या मोजणीत हजारो मतपत्रिका बाद होतात. कुणी बरोबरची खूण करतो, कुणी १ दोनदा लिहितो, कुणी सही करून ठेवतो. पदवी असून. म्हणजे प्रश्न शिकवण्याचा आहे, शिक्षणाचा नाही. श्रीलंकेत अध्यक्षाच्या निवडणुकीत सगळे नागरिक, शेतमजूर आणि चहामळ्यातले कामगार धरून, १, २, ३ लिहू शकतात. २०२४ ला कुणालाच निम्मी मतं मिळाली नाहीत, त्या देशाच्या इतिहासात पहिल्यांदा दुसरी पसंती मोजावी लागली आणि ती मोजून निकाल शांतपणे लागला. आमच्या बायका बचत गटाचं व्याज तोंडी काढतात, भिशीत कुणाचा नंबर कधी हे वर्षभर लक्षात ठेवतात. तीन माणसांना क्रम लावणं त्यांना जड जाणार नाही.

अडचण यंत्राची आहे, हे खरं. आपलं मतदान यंत्र एका मतासाठी बनलं आहे. मोजणीलाही वेळ लागेल. पदवीधरांची मोजणी दिवस उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, इथे तर मतं लाखांत आहेत. पण पाच वर्षांच्या कारभारासाठी मोजणीला दोन दिवस जास्त गेले तर बिघडलं काय? यंत्र माणसांनी बनवलं, माणसांनी बदलावं. सुरुवात लोकसभेपासूनच करा असा माझा हट्ट नाही. एखाद्या नगरपालिकेत नगराध्यक्षाच्या थेट निवडणुकीत करून बघता येईल. एकाच पदासाठी पाच-सहा उमेदवार, मतदार काही हजार. नोटाच्या बाबतीत महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक धाडसी पाऊल उचललं होतं: स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. लोकसभा-विधानसभेला मात्र आजही नोटाला असा दात नाही. एका बाबतीत पुढे जाता आलं, तर दुसऱ्या बाबतीतही जाता यावं.

मला या पद्धतीचं सर्वांत मोठं आकर्षण मात्र प्रचाराच्या भाषेसाठी आहे. दुसरी पसंती हवी असेल तर दुसऱ्याच्या मतदारांना शिव्या देऊन चालत नाही. आज मोठा पक्ष छोट्याला बी टीम म्हणतो, सुपारीबाज म्हणतो, कारण त्याला त्याच्या मतदारांना घाबरवून आणायचं असतं. उद्या त्यालाच वस्तीत जाऊन म्हणावं लागेल: तुमचा पहिला माणूस तुमचाच राहू दे, दुसरा नंबर आम्हाला द्या, त्यासाठी आम्ही काय करावं ते सांगा. ते 'काय करावं ते सांगा' ऐकायला त्या वस्त्या पंचाहत्तर वर्षं थांबल्या आहेत.

हे होईपर्यंत एकच बटण आहे आणि त्यावर निर्णय घ्यावा लागणार आहे, हे मी विसरलेले नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी मी मावशींच्या घरी गेले. माझा पदवीधरचा अनुभव सांगितला, तो लांब कागद, तो जांभळा पेन. मग म्हटलं, "मत वाया जात नाही मावशी. पण तुमच्या मताने कोण येईल आणि कोण पडेल, याचा विचार करायला काही हरकत नाही. दोघांतला कुणीही आला तरी तुमचं निभेल असं वाटत असेल तर मनातल्याला द्या. एखादा आला तर निभणार नाही असं वाटत असेल तर त्याला अडवा. यातलं काहीही केलंत तरी तुम्ही चुकलात असं मी म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणूही देणार नाही." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "त्यो एक, दोन लिवायचा कागद आमाला कवा देणार?"

७ मे ला सकाळी शाळेतल्या केंद्रावर त्या रांगेत माझ्या पुढे होत्या. पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मतदान अधिकारी मान वर करून बघायला लागले. मग यंत्राचा लांब आवाज झाला. बाहेर आल्यावर त्यांनी बोटाची शाई मला दाखवली, पदर सारखा केला आणि कामावर निघून गेल्या. कुणाला दिलं हे मी विचारलं नाही.